तिला म्हणजे कोणाला?

इंदापूर तालुक्यातील एका खेड्यात घडलेली ही गोष्ट आहे. त्या वेळी भीमेवर उजनी धरण झालेले नव्हते आणि खेड्यापाड्यांत दूरध्वनीही पोचला नव्हता. निरोप धाडावयाचा झाला तर चिठ्ठी लिहावी आणि मोटारीने जाणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाच्या हाती ती द्यावी, अशी रीत होती.

या गावातील एक गृहस्थ बारामतीस गुळाच्या अडतीवर हिशेब लिहीत असत. शनिवारी रात्री ते घरी येत आणि सोमवारी पहाटे परत जात. घरी त्यांची वृद्ध आई, पत्नी आणि सहाव्या इयत्तेत शिकणारा मुलगा अशी माणसे होती. त्या दिवसांत त्यांची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला आठवा महिना लागला होता.

एका बुधवारी सकाळी शेजारचे काका बारामतीच्या बाजारास निघाले. मुलाच्या आईला लिहिता येत नसे. ती चुलीपाशी भाकरी थापीत होती. तिने तेथूनच मुलाला सांगितले, "अरे, काका निघाले आहेत. तुझ्या बाबांना चार ओळी लिहून दे." मग ती एकेक गोष्ट सांगू लागली आणि मुलगा वहीचे पान फाडून भराभर लिहू लागला. दारात काका हाका मारीत होते. मोटारीची वेळ झाली होती. शेवटची ओळ पुरी होण्याआधीच काकांनी कागद हातातून घेतला, घडी घालून पगडीत खोचला आणि ते लगबगीने चालू लागले.

दुपारी ती चिठ्ठी अडतीवर पोचली. तिच्यात पुढील मजकूर होता :

"तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. काल आजी आणि आत्या इंदापूरला दवाखान्यात गेल्या तिला तेथेच ठेवून घेतले आहे परवा गाय व्याली कालवड झाली आहे आणि तिच्या डोळ्यावर पट्टी बांधली आहे आई म्हणाली उद्या आले नाही तरी चालेल पण घाबरू नका मी आज शाळेत गेलो नाही कारण येताना पैसे आणि"

वडिलांनी चिठ्ठी एकदा वाचली, पुन्हा वाचली. 'तिला ठेवून घेतले आहे.' तिला म्हणजे कोणाला? आईला, की बहिणीला? या शब्दाच्या अगदी जवळ तर 'आत्या' हा शब्द होता. आणि बहिणीचे दिवस अजून भरले नव्हते! 'घाबरू नका' हे शब्द वाचून त्यांची भीती अधिकच वाढली. येताना पैसे आणावयाचे हे कळले; परंतु पैसे आणि काय? औषध? रक्त देणारा मनुष्य? माणसाचे मन काळजीत असले म्हणजे रिकामी जागा ते वाईट गोष्टींनीच भरून काढते.

त्यांनी मालकांकडून शंभर रुपये उचल घेतली. संध्याकाळची मोटार निघून गेली होती. म्हणून गुळाच्या ढेपी भरलेल्या एका मालमोटारीत ते चालकाशेजारी बसले. लासुर्णे मागे पडले, निमगाव केतकी मागे पडले. त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. रात्री दहाच्या सुमारास ते इंदापुरास उतरले आणि थेट दवाखान्यात जाऊन त्यांनी बाळंतिणींच्या खोलीत चौकशी केली. परिचारिकेने वही चाळली आणि म्हणाली, "या नावाची बाई येथे नाही."

"मग तिला कोठे नेले?" एवढे चार शब्द उच्चारताना त्यांचा गळा दाटून आला.

इतक्यात व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून ओळखीचा आवाज आला. त्यांनी जाऊन पाहिले. खाटेवर त्यांची आई उशीला टेकून बसली होती. तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. मोतीबिंदू काढला होता. शेजारी बहीण स्टुलावर बसून तिच्यासाठी मोसंबे सोलीत होती. भावाला पाहताच ती आश्चर्याने म्हणाली, "दादा, तू? इतक्या रात्री? अरे, उद्या आला नसतास तरी चालले असते. वहिनीने चिठ्ठी धाडली होती ना?"

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर वडील मुलावर रागावले नाहीत. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, त्याच्या हातावर ठेवली आणि ते म्हणाले, "ही तुझ्या गुरुजींना दाखव. तुला जे लिहावयाचे होते ते हिच्यात कोठे आहे, एवढे त्यांना विचार."

मुलाने चिठ्ठी खाली मान घालून गुरुजींच्या टेबलावर ठेवली. गुरुजींनी ती वाचली. चिठ्ठी कोणाची आहे हे त्यांनी वर्गास सांगितले नाही. वरचा नमस्कार सोडून बाकीचा मजकूर त्यांनी फळ्यावर जसाच्या तसा उतरविला आणि विचारले, "डोळ्यावर पट्टी कोणाच्या?"

"कालवडीच्या!" अर्धा वर्ग ओरडला.

"नाही, गाईच्या!" उरलेला अर्धा वर्ग म्हणाला.

मुले पोट धरधरून हसली. चिठ्ठी लिहिणारा मुलगा मात्र हसला नाही. हसणे थांबल्यावर गुरुजी म्हणाले, "मुलांनो, या चिठ्ठीवरून एक मनुष्य रात्रीच्या वेळी दहा गावे ओलांडून धावत आला. जिच्यासाठी तो धावला, तिला काहीच झाले नव्हते. आता हसून झाले असेल, तर आपण ही चिठ्ठी नीट करू."

प्रथम त्यांनी मुलांना क्रियापदे शोधावयास सांगितली. गेल्या, ठेवून घेतले आहे, व्याली, झाली आहे, बांधली आहे, अशी एकेक क्रियापदे मुलांनी सांगितली. गुरुजींनी प्रत्येक क्रियापदानंतर तांबड्या खडूने एक टिंब दिले. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. म्हणून जेथे क्रियापद आले तेथे वाक्य संपत असावे, असा तर्क चालविता येतो. फळ्यावरची ती एकसंध माळ पाहता पाहता सुटी झाली.

"पण गुरुजी, 'आई म्हणाली' येथे टिंब देऊन कसे चालेल?" एका मुलीने शंका काढली. "आई काय म्हणाली ते पुढेच आहे."

"बरोबर. ते टिंब पुसून टाक," असे म्हणून गुरुजींनी तिच्याच हाती फडके दिले. 'म्हणाली' हे क्रियापद आहे खरे. परंतु ते ऐकल्यावर ऐकणाऱ्याचा कान पुढील शब्दांकडे लागतो. त्याची अपेक्षा पुरी झाल्याखेरीज वाक्य संपत नाही. म्हणून केवळ क्रियापद पाहून पूर्णविराम देऊ नये. अर्थ पुरा झाला की नाही हेही पाहावे.

चिठ्ठीच्या शेवटी तर दोन वाक्ये लंगडीच राहिली होती. 'मी आज शाळेत गेलो नाही कारण' येथे कारण सांगावयाचे राहून गेले आहे. 'येताना पैसे आणि' येथे 'आणि' या शब्दाने दार उघडले, परंतु आत कोणीच आले नाही. शिवाय 'आणा' हे क्रियापदही नाही. गुरुजींनी विचारले, "पैसे आणि काय?" वर्गात कोणालाच ते ठाऊक नव्हते. ज्याने लिहिले होते त्यालाही ते आता आठवेना!

मग गुरुजींनी फळ्याच्या एका बाजूस दोन शब्द लिहिले : उद्देश्य आणि विधेय. वाक्यात ज्याच्याविषयी आपण बोलतो ते उद्देश्य होय; त्याच्याविषयी जे सांगतो ते विधेय होय. 'कऱ्हा नदी बारामतीतून वाहते.' येथे 'कऱ्हा नदी' हे उद्देश्य आणि 'बारामतीतून वाहते' हे विधेय. ही दोन्ही अंगे असली म्हणजे वाक्य पुरे होते. नुसते 'बारामतीतून वाहणारी कऱ्हा नदी' असे म्हटले तर चार शब्द झाले, पण वाक्य झाले नाही. त्या नदीचे पुढे काय, असा प्रश्न उरतोच. 'कऱ्हा नदी, जी बारामतीतून वाहते' असे लिहिले तरी तीच गत. 'जी' म्हटले की 'ती' यावी लागते, 'जेव्हा' म्हटले की 'तेव्हा', आणि 'जर' म्हटले की 'तर'. बैलजोडीतला एकच बैल जुंपून गाडी हाकणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय?

मघाची मुलगी पुन्हा उभी राहिली. "गुरुजी, 'नाव मोठे, लक्षण खोटे' या म्हणीत क्रियापद कोठे आहे? मग ती म्हण चुकीची का?"

हा प्रश्न ऐकून गुरुजींना आनंद झाला. 'हे माझे घर', 'तो माझा भाऊ' अशी वाक्ये आपण रोज बोलतो. त्यांत 'आहे' हे क्रियापद बोलून दाखविले नाही तरी ऐकणाऱ्याला ते आपोआप कळते. अशा शब्दाला अध्याहृत शब्द म्हणतात. त्याचप्रमाणे 'काल बारामतीस गेलो होतो' या वाक्यात 'मी' हा कर्ता दिसत नाही; परंतु 'गेलो होतो' या रूपावरून बोलणारा एक मुलगा किंवा पुरुष आहे, हे कळून येते. हेच वाक्य मुलीने लिहिले तर ती 'गेले होते' असे लिहील. मराठीचे क्रियापद आपल्या शेपटीत कर्त्याची खूण बाळगते. म्हणून आपल्या भाषेत कर्ता गाळण्याची मोठी सोय आहे. मात्र जो शब्द वाचणाऱ्याला आपोआप कळेल तोच गाळावा. चिठ्ठीत 'डॉक्टरांनी' हा शब्द गाळला आहे, त्याने काही बिघडले नाही. दवाखान्यात रोग्याला डॉक्टरच ठेवून घेतात. परंतु 'आजीला' या शब्दाऐवजी 'तिला' असे लिहिले आणि घोटाळा झाला. दोन स्त्रियांची नावे नुकतीच येऊन गेली असताना 'तिला' हे सर्वनाम दोघींनाही लागू पडते.

अशा चुका थोरामोठ्यांच्या लिहिण्यातही आढळतात. गुरुजींनी एक वाक्य दिले : 'मालोजीराजे हे शिवाजी महाराजांचे आजोबा होते, त्यांची गढी इंदापुरास आहे.' गढी कोणाची? आजोबांची, की नातवाची? 'मालोजीराजांची गढी इंदापुरास आहे' असे नाव घेऊन सांगितले तर दोन अक्षरे अधिक पडतील, पण शंका उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गातील एका मुलाने घरातील पेटीतून पणजोबांच्या हातचे एक पत्र आणले. ते मोडी लिपीत होते. मोडी वाचणारी वडीलधारी माणसे तेव्हा गावोगाव होती. गुरुजींनाही ती लिपी येत असे. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. शब्दाशब्दांत जागा सोडण्याचा परिपाठ नव्हता. पूर्णविराम, स्वल्पविराम यांचे तर नावच नको. पोथ्यांत श्लोकाच्या शेवटी उभे दंड असत, परंतु पत्रव्यवहार असाच सलग चाले.

"मग त्या लोकांचे घोटाळे होत नव्हते का?" मुलांनी विचारले.

गुरुजींनी ते पत्र मोठ्याने वाचून दाखविले. आश्चर्य असे की, एकही चिन्ह नसताना प्रत्येक वाक्य वेगळे कळत होते. लिहिणाऱ्याने प्रत्येक गोष्टीत नाव घेतले होते आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट क्रियापदाने केला होता. पत्र संपले हे कळावे म्हणून शेवटी ठरलेले शब्दही घातले होते. चिन्हे नव्हती, म्हणून तो जपून लिहीत होता. हल्लीच्या मुलांना चिन्हे मिळाली आहेत, तर ती जपून लिहिण्याचेच सोडून देतात, असे गुरुजी थोडे चिडूनच म्हणाले.

आपण आज वापरतो ती विरामचिन्हे छापखान्यांबरोबर एकोणिसाव्या शतकात मराठीत रुळली. मेजर थॉमस कँडी (१८०४ ते १८७७) या इंग्रज गृहस्थांनी मराठीचा उत्तम अभ्यास केला होता आणि मराठी शालेय पुस्तके तयार करण्याच्या कामी ते अनेक वर्षे होते. विरामचिन्हे कशी वापरावी हे सांगणारे त्यांचे लहानसे पुस्तक १८५० साली निघाले. त्याच्या आधी, १८३६ साली, दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले होते. दादोबांचे वय तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते, हे ऐकून मागच्या बाकावरची मोठी मुले एकमेकांकडे पाहू लागली.

मग ओघानेच मोरोपंतांचा विषय निघाला. मोरोपंत (१७२९ ते १७९४) पन्हाळगडास जन्मले. परंतु त्यांचे आयुष्य बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस, कऱ्हेच्या काठी गेले. त्यांची कविता वाचताना मुलांना घाम फुटतो. कर्ता एका ओळीत, क्रियापद दुसऱ्या ओळीत आणि विशेषण आपल्या नामापासून दूर कोठे तरी! अशा कवितेचा अर्थ कळावा म्हणून शाळेत अन्वय लावावयास सांगतात. आधी क्रियापद शोधावयाचे, त्याला 'कोण?' असे विचारून कर्ता काढावयाचा, 'काय?' असे विचारून कर्म काढावयाचे, आणि मग राहिलेले शब्द ज्याचे त्याच्याजवळ नेऊन बसवावयाचे. असे केले म्हणजे ओळीतून सरळ गद्य वाक्य बाहेर येते. मोरोपंतांनी एका रामायणात प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारावयाची अक्षरे मुळीच येऊ दिली नाहीत. ते निरोष्ठ रामायण म्हणून ओळखले जाते. ज्यात 'राम' हे नावदेखील घालता येत नाही असे रामायण! एवढे बंधन पाळूनही त्यांची वाक्ये अपुरी राहिली नाहीत. कवीने शब्द लांब ठेवले असतील. पण शोधणाऱ्याला ते सापडतात. चिठ्ठी लिहिणाऱ्याचे शब्द मात्र कागदावर नव्हतेच. ते त्याच्या आईच्या तोंडी राहिले होते.

त्याच आठवड्यात शाळेची सहल नीरा-नरसिंहपूर येथे गेली. नीरा आणि भीमा यांचा संगम तेथे आहे आणि संगमावर नरसिंहाचे मोठे देऊळ आहे. परत आल्यावर गुरुजींनी सहलीवर निबंध लिहावयास सांगितले. निबंध तपासताना त्यांचा तांबड्या शाईचा दौत जवळजवळ रिकामा झाला.

एका मुलाने पान भरून एकच वाक्य लिहिले होते : 'आम्ही सकाळी निघालो आणि मग संगमावर गेलो आणि मग हातपाय धुतले आणि मग देऊळ पाहिले आणि मग' असे ते संध्याकाळपर्यंत चालले होते. त्यात 'आणि मग' हे शब्द एकोणीस वेळा आले होते. हे वाक्य अपुरे नव्हते, पण त्याला थांबताच येत नव्हते. गुरुजींनी एकोणीसपैकी चार ठेवले, बाकीच्यांवर रेघ मारली आणि तेथे पूर्णविराम दिले. तोच निबंध लगेच धापा टाकावयाचा थांबला.

दुसऱ्याने लिहिले होते : 'पायऱ्या उतरून नदी दिसली.' पायऱ्या कोण उतरले? वाक्यावरून तर नदीच उतरली असे वाटते. 'उतरून', 'चढून', 'बसून' अशी रूपे वापरली म्हणजे ती क्रिया करणारा आणि पुढील मुख्य क्रिया करणारा एकच असावा. म्हणून 'पायऱ्या उतरल्यावर आम्हांला नदी दिसली' किंवा 'पायऱ्या उतरून आम्ही नदी पाहिली' असे लिहावे.

'गरम गाईचे दूध प्यालो' असे एकीने लिहिले होते. गरम कोण, गाय की दूध? ज्या शब्दाचे विशेषण असेल त्याच्या शेजारी ते बसवावे : 'गाईचे गरम दूध'.

सर्वांत जास्त चुका क्रियापदाच्या रूपांत होत्या. 'मी भाकरी खाल्लो' असे निम्म्या वर्गाने लिहिले होते. या बाजूच्या काही घरांत असेच बोलतात. घरच्या बोलीला नावे ठेवण्याचे कारण नाही. आजीशी बोलताना ती तशीच बोलावी, तिच्यात गोडवा आहे. परंतु जे पुण्यापासून नागपुरापर्यंत वाचले जाईल, ते लिहिताना प्रमाण रूप ठेवावे. 'खाणे' या क्रियापदाचे भूतकाळी रूप कर्माप्रमाणे बदलते : मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी केळे खाल्ले. खाणारा मुलगा असो की मुलगी, रूपात फरक पडत नाही. याला कर्मणी प्रयोग म्हणतात.

"म्हणजे, मी चहा प्याला, असे लिहावे ना?" एका मुलाने मोठ्या आत्मविश्वासाने विचारले.

गुरुजी हसले. 'पिणे' हे क्रियापद मात्र कर्त्याचे ऐकते. मुलगा लिहील, 'मी चहा प्यालो'. मुलगी लिहील, 'मी चहा प्याले'. 'शिकणे', 'विसरणे', 'बोलणे' हीदेखील त्याच्याच पंक्तीला बसणारी आहेत : 'मी धडा शिकलो', 'मी वही विसरले', 'तो खोटे बोलला'. एकाच ताटावर बसून खाण्याचा नियम एक आणि पिण्याचा दुसरा! असे का, याचे उत्तर एका तासात देता येण्यासारखे नव्हते. गुरुजींनी ही चार क्रियापदे फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली आणि महिनाभर पुसू दिली नाहीत.

प्रत्येक निबंधाखाली त्यांनी एकच सूचना लिहिली होती : 'लिहिलेले मोठ्याने वाचावे. ज्याला यातील काहीच ठाऊक नाही अशा माणसाला वाचून दाखवावे. तो 'कोण?', 'काय?', 'मग पुढे?' असे विचारील, तेथे वाक्य बिघडले आहे.'

चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलाने ती चिठ्ठी घरी पुन्हा लिहून काढली. 'येताना पैसे आणि' येथे तो अडला, तेव्हा त्याने आईला विचारले. आईलाही क्षणभर आठवले नाही. मग ती म्हणाली, "अरे, खडीसाखर! आजीला औषध कडू लागते ना, म्हणून." वडिलांनी रात्रभर ज्याची धास्ती घेतली होती, ती ही खडीसाखर होती.

पुढे महिन्याभराने शेजारचे काका पुन्हा बारामतीस निघाले. या वेळी मुलाने त्यांना ओट्यावर बसविले, पाणी दिले आणि मग चिठ्ठी लिहिली. लिहून झाल्यावर त्याने ती काकांनाच वाचून दाखविली. काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. चिठ्ठी अशी होती :

"तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. काल रात्री आत्याला मुलगा झाला. आत्या आणि बाळ दोघेही घरीच असून सुखरूप आहेत. आजीच्या डोळ्यावरची पट्टी मागेच काढली आहे; आज तिने बाळाचे नाक पाहून ते तुमच्यासारखे आहे असे सांगितले. तुम्ही शनिवारी आलात तरी चालेल. येताना बाळंतिणीसाठी डिंक आणि खारीक आणावी. कळावे."

वडिलांनी अडतीवर बसून चिठ्ठी वाचली. ती त्यांनी एकदाच वाचली. मग खतावणीत ती नीट घालून ठेवली आणि समोरच्या ढेपीचा गूळ फोडून अडतीवरच्या सर्वांना एकेक खडा वाटला.

शब्दार्थ

अडत – शेतकऱ्यांचा माल विकून देण्याचे दुकान. उचल – पगारापैकी आगाऊ घेतलेली रक्कम. अध्याहृत – उघड न लिहिलेला, पण गृहीत धरलेला. अन्वय – पद्यातील शब्दांची गद्याप्रमाणे केलेली मांडणी. गढी – तटबंदी असलेला वाडा. खतावणी – जमाखर्चाची मोठी वही.

अभ्यास

१. पहिल्या चिठ्ठीतील कोणत्या शब्दामुळे वडिलांचा गैरसमज झाला? तो त्याच शब्दामुळे का झाला?

२. मोडी पत्रात विरामचिन्हे नसतानाही अर्थ का कळत होता?

३. पुढील शब्दसमूह पुरे करून वाक्ये बनवा : (अ) जर नीरा डाव्या कालव्याला वेळेवर पाणी सुटले (आ) मोरोपंत बारामतीस राहत असल्यामुळे (इ) जेव्हा आजीच्या डोळ्यावरची पट्टी काढली

४. चुका सुधारा : (अ) मी पेरूची फोड खाल्लो. (आ) मोटारीत बसून इंदापूर दिसले. (इ) ताजे म्हशीचे लोणी मिळेल. (ई) ताईने आईला सांगितले की तिची साडी फाटली आहे.

५. पुढील मजकूर विरामचिन्हे घालून पुन्हा लिहा. प्रत्येक वाक्याचे उद्देश्य अधोरेखित करा :

भीमा नदीवर उजनी येथे धरण बांधले ते १९८० साली पुरे झाले त्याचे पाणी इंदापूर तालुक्यात दूरवर पसरले पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली गेले पाणी फार उतरले म्हणजे ते देऊळ पुन्हा दिसू लागते भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी येतात त्यांना पाहण्यासाठी लांबून लोक येतात

६. घरातील एखादी बातमी परगावच्या नातेवाइकास पाच वाक्यांत लिहा. ती बातमी ठाऊक नसलेल्या मित्राला वाचून दाखवा आणि त्याने विचारलेले प्रश्न चिठ्ठीखाली लिहून ठेवा.